एकदाच पुसा, पण पूर्ण पुसा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अपडेट थांबवली आणि बरेच चालते संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. त्याआधीची काही वर्षे लॅपटॉप संथ झाला की दुकानदार एकच उपाय सांगत आला आहे: हार्ड डिस्क काढा, एसएसडी बसवा. या दोन्ही कारणांनी घराघरांतल्या खणांत ५०० जीबी नाहीतर १ टीबीच्या हार्ड डिस्क पडून आहेत. त्यांतल्या पुष्कळ अजून उत्तम चालतात. एक यूएसबी केसिंग आणावे, फॉरमॅट मारावा आणि फोटो-व्हिडिओ ठेवायला ती वापरावी, असे कुणालाही वाटेल. ते वाटणे योग्यच आहे. चालती वस्तू भंगारात घालण्यापेक्षा तिला काम देणे केव्हाही चांगले.

या विषयावर गेली तीस वर्षे सर्वांत जास्त वाद झाला तो डिस्क किती वेळा पुसायची यावर. एकदा, तीनदा, सातदा की पस्तीस वेळा? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर केव्हाच मिळालेले आहे. पुसण्याआधी काय वाचवायचे, फॉरमॅटने नेमके काय जाते आणि काय राहते, ही डिस्क अजून भरवशाची आहे का, तिच्यावर कोणती गोष्ट मुळीच ठेवायची नाही, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत आणि त्यांच्याकडे कमी लक्ष जाते. डिस्क घरातच राहणार असेल तर पुसणे ही मुख्यतः तिची परीक्षा असते. ती दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर पुसणे ही आपली जबाबदारी असते. दोन्ही वेळी काम तेच, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत एकदा पूर्ण लिहिणे.

आधी काय वाचवायचे

डी ड्राइव्हवरचे फोटो, गाणी आणि पीडीएफ उतरवून घेतले की सगळे आले, असा समज असतो. प्रत्यक्षात हरवते ते सी ड्राइव्हवरचे. डेस्कटॉप आणि डाउनलोड ही फोल्डर तिथेच असतात. आउटलुकच्या पीएसटी फायली, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले बुकमार्क, विंडोज पुन्हा टाकताना मागे राहिलेले 'विंडोज.ओल्ड' फोल्डर, हेही तिथेच. अ‍ॅपडेटा नावाचे फोल्डर तर लपवलेलेच असते. म्हणून निवडून कॉपी करण्यापेक्षा वापरकर्त्याचे फोल्डर जसेच्या तसे उचलावे आणि निवड नंतर सवडीने करावी.

मराठी माणसाच्या डिस्कवर याशिवाय एक मोलाची गोष्ट असते आणि तिची आठवण क्वचितच कुणाला होते. ती म्हणजे फॉन्ट. विंडोज २०००पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली, तरी पुढे कितीतरी वर्षे मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टांतच टाइप होत राहिला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमबरोबर येणारे योगेश आणि सुरेख, शिवाजी, किरण ही नावे छापखान्यात किंवा डीटीपी सेंटरमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला पाठ असतील. या फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये देवनागरी म्हणून साठवलेलाच नसतो. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट संगणकात आहे तोवर मराठी दिसते. तो नसला की तीच फाइल उघडल्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबांचा गाळ समोर येतो.

म्हणजे फाइल वाचली आणि फॉन्ट पुसला गेला, तर मजकूर हाती असूनही वाचता येत नाही. संस्थेची स्मरणिका, दिवाळी अंकाची पेजमेकरमधली पाने, शाळेच्या महोत्सवी वर्षाचा अंक, आजोबांनी कुणाकडून तरी टाइप करून घेतलेल्या आठवणी, घराण्याची वंशावळ असे कितीतरी लेखन आज या अवस्थेत जुन्या डिस्कवर आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून विंडोजमधले फॉन्ट्स हे फोल्डर संपूर्ण कॉपी करावे. शक्य असेल तर जुना संगणक चालू असतानाच महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून घ्यावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत गुंडाळून ठेवता येतो. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरला डोंगल लागत असे. तो सापडत असेल तर हे काम आजच उरकावे. युनिकोडमध्ये रूपांतर पुढे करता येते, पण त्यासाठी मूळ फाइल आणि मूळ फॉन्टचे नाव दोन्ही माहीत असावे लागते.

दोन तांत्रिक खोड्याही इथेच सांगायला हव्यात. अलीकडच्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती आधी मिळवावी. आणि बाजारातल्या काही तयार एक्स्टर्नल डिस्क, उदाहरणार्थ वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक मालिकेतल्या काही, पासवर्ड लावलेला नसतानाही यूएसबीच्या सर्किटमध्येच मजकूर सांकेतिक करून लिहितात. अशी डिस्क डबीतून काढून थेट संगणकाला जोडली तर ती रिकामी वाटते. रिकामी समजून ती पुसली जाते.

डिस्क वाचताना अडखळत असेल तर नेहमीच्या कॉपी-पेस्टचा हट्ट धरू नये. लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. मरायला टेकलेल्या डिस्कच्या बाबतीत हा क्रम फार महत्त्वाचा असतो.

फॉरमॅट मारल्यावर उरते ते

फाइल डिलीट केल्याने किंवा क्विक फॉरमॅट मारल्याने डिस्कवरचा मजकूर जात नाही, जाते ती त्याची नोंद. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. पीक कुणीतरी नांगर फिरवीपर्यंत उभेच असते. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही क्रिस्तोफ ग्रेनिये यांची फुकट मिळणारी साधने हे उभे पीक शोधून काढतात. डेटा रिकव्हरीचा बराचसा व्यवसायही याच तत्त्वावर चालतो.

पूर्ण फॉरमॅटचे काय? इथे विंडोजच्या पिढ्यांमध्ये फरक आहे आणि तो माहीत नसल्याने गोंधळ होतो. एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅट डिस्क फक्त वाचून बॅड सेक्टर शोधत असे. जुना मजकूर जागच्या जागी राही. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट त्या पार्टिशनच्या प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहितो. 'फॉरमॅट मारला तरी सगळे परत मिळते' हे वाक्य एक्सपीच्या काळात खरे होते. आज ते फक्त क्विक फॉरमॅटला लागू आहे. मात्र पूर्ण फॉरमॅट एका पार्टिशनपुरताच असतो, डिस्कवरची बाकीची पार्टिशने त्याने पुसली जात नाहीत.

लोक हे किती बेफिकिरीने घेतात याचा पहिला नीट पुरावा एमआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांनी दिला. सिमसन गारफिंकल आणि अभि शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रे होती. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती, व्यवहारांच्या नोंदींसह. २००३मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पण सवय मोडली नाही. सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेच्या कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. तिने आपली डेटा केंद्रे बंद करताना डिस्क नष्ट करण्याचे काम ज्या कंपनीला दिले होते, ती सामानाची ने-आण करणारी होती आणि तिला या कामाचा अनुभवच नव्हता. हजारो उपकरणे पुढे विकली गेली. काही ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात पोहोचली. पस्तीस वेळा पुसावे की तीनदा, हा प्रश्न त्या डिस्कांच्या बाबतीत आलाच नाही. त्या एकदाही पुसल्या गेल्या नव्हत्या.

पस्तीसचा आकडा आला कुठून

ऑकलंड विद्यापीठातले पीटर गुटमन यांनी १९९६मध्ये चुंबकीय माध्यमांवरचा मजकूर खात्रीने कसा पुसावा यावर एक निबंध सादर केला. त्यांचे म्हणणे असे, की नव्या लिखाणाखाली जुन्या चुंबकीकरणाचा माग उरतो आणि प्रयोगशाळेत तो वाचला जाऊ शकतो. त्यावर त्यांनी ३५ फेऱ्यांचा क्रम सुचवला: सुरुवातीला चार आणि शेवटी चार यादृच्छिक, मधल्या २७ ठरावीक आकृतिबंधांच्या. हे २७ आकृतिबंध त्या काळच्या वेगवेगळ्या सांकेतिक पद्धतींसाठी होते. कोणत्याही एका डिस्कला सगळे लागू पडणे शक्यच नव्हते. मिश्र यादी एवढ्यासाठी, की डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे माहीत नसले तरी काम व्हावे.

लोकांनी यादीच उचलली, कारण सोडून दिले. पुढे गुटमन यांनीच आपल्या निबंधाला जोड देऊन स्पष्ट केले, की आधुनिक डिस्कवर ३५ फेऱ्या करण्यात अर्थ नाही. तरी पुसण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय आजही मानाने बसलेला आहे. त्याच्या शेजारी अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावाचा तीन फेऱ्यांचा पर्याय असतो. ज्या नियमपुस्तिकेचे नाव तिथे दिले जाते तिच्या २००६च्या आवृत्तीत पुसण्याची अशी कोणतीही ठरावीक पद्धत उरलेली नाही.

आज ज्याचा आधार घ्यावा तो दस्तऐवज अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा, म्हणजे एनआयएसटीचा आहे. त्याच्या २००६च्या आवृत्तीनेच सांगितले होते, की २००१नंतरच्या, १५ जीबीपेक्षा मोठ्या एटीए डिस्कवर साधे पुसणे आणि सखोल पुसणे यांतला फरक मिटला आहे. २०१४च्या सुधारित आवृत्तीने आणखी स्पष्ट केले: चुंबकीय डिस्कवर शून्यांसारख्या ठरावीक आकृतिबंधाची एक फेरी झाली, की अद्ययावत प्रयोगशाळेलाही सहसा मजकूर परत मिळवता येत नाही. कारण समजण्यासारखे आहे. १९९०च्या दशकाच्या तुलनेत आजच्या डिस्कवर एकेक बिट इतक्या कमी जागेत बसलेला असतो, की जुन्या लिखाणाची कड बाजूला उरायला जागाच नाही.

वेळेचाही हिशेब पाहा. १ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १०० एमबी लिहीत असेल तर एका फेरीला पावणेतीन तास लागतात. पस्तीस फेऱ्यांना चार दिवसांहून अधिक. जुन्या यूएसबी २च्या केसिंगमधून वेग सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास अडकतो, मग एकाच फेरीला आठ तास. इतका वेळ लागतो म्हणून माणसे कंटाळून मधेच थांबतात किंवा क्विक फॉरमॅटवर भागवतात. पस्तीस फेऱ्यांच्या दंतकथेने केलेले खरे नुकसान हेच आहे, असे मला वाटते.

एसएसडीला हे लागू नाही

वर जे सांगितले ते फिरत्या चकतीच्या डिस्कसाठी. एसएसडी आणि पेनड्राइव्ह यांचा मामला निराळा आहे. तिथे आपण ज्या जागी लिहा म्हणतो त्याच जागी लिहिले जाईल याची हमी नसते. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर जागा बदलत राहतो आणि काही जागा राखीव ठेवतो. २०११मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी दाखवले, की संपूर्ण एसएसडीवर दोनदा लिहिल्यास मजकूर सहसा जातो पण नेहमी नाही, आणि एकटी फाइल पुसण्याची तर एकही पद्धत भरवशाची निघाली नाही. ॲपलने २०१५मध्ये मॅकमधून 'सिक्योर एम्प्टी ट्रॅश' ही सोय काढून टाकली त्यामागे हीच अडचण होती.

एसएसडीसाठी कंपनीने आत बसवलेली पुसण्याची आज्ञा वापरावी. ती बहुधा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा संगणकाच्या बायोसमध्ये मिळते. सॅन डिएगोच्या त्याच अभ्यासात काही ड्राइव्हनी ही आज्ञा पाळल्याचे सांगून प्रत्यक्षात ती नीट पाळली नव्हती. म्हणून पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन ठेवणे हाच उत्तम मार्ग. तेही शक्यतो सॉफ्टवेअरचे, कारण २०१८मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांना काही नामांकित एसएसडींच्या अंगच्या एन्क्रिप्शनमध्ये गंभीर त्रुटी सापडल्या होत्या. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या साठवणीला एसएसडी तशीही योग्य नाही. वीज नसताना तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडीने लेखनाची मर्यादा गाठल्यावर ३० अंश तापमानात निदान वर्षभर मजकूर टिकवावा, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ३० अंश ही काही वरची पातळी नव्हे. साठवणीला जुनी फिरती डिस्क बरी, ती या कारणाने.

प्रत्यक्ष पुसताना

सर्वांत मोठा धोका चुकीची डिस्क पुसण्याचा. संगणकाला जोडलेल्या बाकीच्या एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवाव्यात आणि नाव नव्हे, तर क्षमता, मॉडेल आणि अनुक्रमांक पाहावा. १ टीबीची डिस्क विंडोजला ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत. त्यात हरवले काहीच नाही.

विंडोजवर डिस्कपार्टमध्ये योग्य डिस्क निवडून 'क्लीन ऑल' ही आज्ञा दिली, की सगळ्या पार्टिशनांसह पूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. नुसते 'क्लीन' फक्त पार्टिशनची नोंद पुसते, हा फरक विसरू नये. काम चालू असताना पडद्यावर काहीच हलत नाही. तास-दोन तासांनी घाबरून खिडकी बंद करू नये. लिनक्सवर एनवाइप किंवा साधे डीडी चालते. डीबॅन हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, पण ते फार जुने झाले आहे. आजच्या संगणकावर एनवाइपवर आधारलेले श्रेडओएस बरे. मॅकच्या डिस्क युटिलिटीत फिरत्या डिस्कसाठी सुरक्षिततेचे पर्याय असतात, त्यांतला लेखन करणारा, सर्वांत कमी फेऱ्यांचा पुरे.

डिस्कच्या अंगची 'सिक्योर इरेज' आज्ञा जास्त सखोल असू शकते, कारण निवृत्त करून बाजूला टाकलेल्या सेक्टरांना बाहेरून लिहिणारे सॉफ्टवेअर पोहोचू शकत नाही. पण ती देण्यापूर्वी डिस्कला तात्पुरता पासवर्ड लावावा लागतो आणि मधेच वीज गेली तर डिस्क कुलूपबंद राहू शकते. यूएसबी केसिंगमधून हा प्रयोग करूच नये. जिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे यूपीएस हवाच. साध्या शून्यलेखनात मात्र वीज गेली तर पुन्हा सुरुवात करावी लागते, इतकेच. लॅपटॉपची छोटी डिस्क केसिंगमध्ये तासन्‌तास लिहिताना तापते, तिच्यावर पंखा सोडावा.

केसिंग निवडताना एक फरक ध्यानात हवा. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, तिला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेले केसिंग घ्यावे. आणि ४० पिनांची आयडीई डिस्क असेल, ४० किंवा ८० जीबीची, तर तिच्यावरचा मजकूर उतरवावा आणि तिला निरोप द्यावा. खिशातल्या पेनड्राइव्हएवढीही जागा नसलेल्या वीस वर्षांच्या यंत्रावर नवे काही ठेवणे मला पटत नाही.

पुसणे हीच परीक्षा

हा सगळ्या लेखातला कळीचा भाग. रोजच्या वापरात डिस्कचे कितीतरी सेक्टर वर्षानुवर्षे कुणी वाचत नाही की लिहीत नाही. तिथे बिघाड असला तरी तो उघड होत नाही. पूर्ण लेखनाच्या फेरीत प्रत्येक सेक्टरची पाळी येते आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद 'स्मार्ट' नावाच्या यंत्रणेत ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि इतरत्र स्मार्टमॉनटूल्स ती दाखवते. तीन आकडे मुख्यतः पाहावेत. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेने बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल प्रलंबित असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. क्रमांक ९वर एकूण चालू तास असतात. ४३,८०० तास म्हणजे अखंड पाच वर्षे. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवते, ते सेटिंगमध्ये दशमान करून घ्यावे.

पुसण्यापूर्वी हे आकडे लिहून ठेवावेत आणि पुसल्यावर पुन्हा पाहावेत. प्रलंबित सेक्टरवर नवे लेखन झाले, की डिस्कला निर्णय घ्यावा लागतो. जागा चांगली असेल तर लेखन टिकते आणि सेक्टर यादीतून निघतो, नसेल तर तो राखीव जागेने बदलला जातो. म्हणून फेरीनंतर १९७ शून्यावर यायला हवा आणि ५ वाढायला नको. १९७ शून्य झाला, ५ जागेवर राहिला, तर डिस्क पास. ५चा आकडा फेरीत चढत गेला तर आज ती कितीही सुरळीत चालो, तिच्यावर काही ठेवू नये. अधिक कसून तपासायचे असेल तर लिनक्सवरचे बॅडब्लॉक्स लेखनासह चालवावे. ते चार वेगवेगळे आकृतिबंध लिहिते आणि प्रत्येक वेळी वाचून पडताळते. १ टीबीला जवळजवळ एक दिवस लागतो, पण पुसणे आणि परीक्षा दोन्ही त्यात होऊन जातात. कुणाला एकापेक्षा जास्त फेऱ्या करायच्याच असतील तर त्या अशा उपयोगी कराव्यात.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक दिसलेल्या डिस्कची पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक सावध करणारी आहे. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख नोंदींत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. नापास झालेली डिस्क वाईट असते हे नक्की. पास झालेली टिकेलच असे कुणी सांगू शकत नाही.

बाजारातून 'नवी' म्हणून स्वस्त डिस्क घेणाऱ्यांनीही हे आकडे वाचायला शिकावे. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीच्या हाइजे या तंत्रप्रकाशनाने उघडकीस आणले, की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क स्मार्टमधले तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. कंपनीच्या 'फार्म' नावाच्या वेगळ्या नोंदीत मात्र हजारो तास तसेच होते.

नवे रूप, नवे काम

फॉरमॅट निवडताना फार विचार नको. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटी पार्टिशन लागतेच, लहान डिस्कलाही तेच द्यावे. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हींकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, व्हिडिओंच्या साठवणीला ते निरुपयोगी. एक्सफॅटला जर्नल नसते, म्हणून 'इजेक्ट' न करता वायर ओढली तर नुकसानीचा धोका अधिक. शिवाय मोठ्या डिस्कवर विंडोज त्याला १२८ केबीचे क्लस्टर देते, म्हणजे दहा हजार चिमुकल्या फायली सव्वा जीबी जागा अडवतात.

डिस्क घराबाहेर नेली जाणार असेल तर फॉरमॅट करतानाच व्हेराक्रिप्ट किंवा बिटलॉकरने एन्क्रिप्ट करावी, आणि की कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवावी.

मग तिच्यावर काय ठेवायचे? दुसरी किंवा तिसरी प्रत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम असा, की तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. या रचनेत घराबाहेरची प्रत म्हणून जुनी डिस्क फार उपयोगी पडते. गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवावी, दर सहा महिन्यांनी जोडावी, नवे भरावे आणि जुने वाचून पाहावे. मुलांच्या लहानपणीच्या फोटोंची एकमेव प्रत मात्र तिच्यावर ठेवू नये. तिच्यावर एकमेव असे काहीच नसावे. फोन भरला म्हणून फोटो जुन्या डिस्कवर हलवायचे आणि फोनमधून पुसायचे, ही सवय मला सर्वांत जास्त धास्तावते, कारण हलवणाऱ्याला वाटते आपण बॅकअप घेतला.

कोकणासारख्या दमट भागात डिस्क सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. केसिंगवर चिठ्ठी चिकटवावी: पुसल्याची तारीख, त्या वेळचे चालू तास, क्रमांक ५ आणि १९७चे आकडे. पुढच्या खेपेला तुलना करायला तेवढे पुरते.

उरल्या त्या नापास झालेल्या किंवा चालतच नसलेल्या डिस्क. न चालणारी डिस्क सॉफ्टवेअरने पुसता येत नाही, पण तिच्या चकत्यांवरचा मजकूर जागच्या जागी असतो. घरातले लोहचुंबक तिला काही करू शकत नाही. ड्रिलने चकत्यांना आरपार भोके पाडावीत, डोळ्यांवर चष्मा लावूनच, कारण लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कमधल्या चकत्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. नंतर ती भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रण करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे.

घरगुती वापर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. दवाखाना, शिकवणी वर्ग, पतसंस्था, सनदी लेखापालांचे कार्यालय हे येतात, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रुग्णांचे अहवाल किंवा खातेदारांचे आधार क्रमांक असलेली डिस्क दुरुस्तीवाल्याकडे तशीच सोडून येणे हा लोकांच्या विश्वासाचा भंग आहे, दंड होवो वा न होवो. अशा ठिकाणी प्रत्येक डिस्कची लेखी नोंद ठेवावी: अनुक्रमांक, पुसण्याची किंवा नष्ट करण्याची पद्धत, पडताळणीचा निकाल, तारीख आणि काम करणाऱ्याची सही.